काचेवरचं कुंकू

मी एक जुना स्पेक्ट्रोमीटर आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. नाव मोठं असलं म्हणून कुणी शूर होत नाही. तसंही माझं अख्खं नाव इथे कुणी घेत नाही. कुणी नुसतं ‘मशीन’ म्हणतं, आणि भट्टीवरचा हरिबा मला ‘ठिणगीवाला’ म्हणतो. मला तेच नाव जास्त आवडतं.

कराडहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचा कारखाना आहे. त्याच्या एका कोपऱ्यात, काचेच्या दाराच्या छोट्या खोलीत मी राहतो. खोलीत एसी आहे, तो माझ्यासाठी. माणसं बाहेर घामाघूम होतात आणि मी आत गारव्याला बसतो, म्हणून सुरुवातीला सगळे मला जावई म्हणून चिडवायचे. पण जावयाला काय काय सोसावं लागतं ते जावयालाच ठाऊक. वीज गेली की मी देवाचं नाव घेतो. धूळ, मुंग्या, पाली, सगळ्यांची मला भीती वाटते. आणि सगळ्यांत मोठी भीती दाराच्या काचेतून रोज दिसते. चाळीस पावलांवर हरिबाची भट्टी आहे. तिच्यात मोडीचं लोखंड वितळतं. एकदा आमच्याच कारखान्यातलं जुनं लेथ मशीन तुकडे करून तिच्यात टाकताना मी पाहिलं आहे. माझी बैठकसुद्धा बिडाचीच आहे, मित्रांनो. पुढचं मी सांगत नाही.

माझं काम ऐका. भट्टीत बीड तयार झालं की हरिबा लांब दांड्याच्या पळीने थोडा रस काढतो आणि तांब्याच्या साच्यात ओततो. त्याची नाण्याएवढी गोल चकती होते. ती घासून माझ्या डोक्यावरच्या भोकावर ठेवतात. मग माझ्या पोटातून आर्गॉन वायू फुसफुसतो, ठिणगी उडते आणि चकतीचा कणभर भाग जळतो. लोखंड, कार्बन, गंधक, जे जे त्यात असेल ते आपापल्या रंगाचा उजेड देतं. तो उजेड एका छोट्या काचेतून आत येतो. ती काच म्हणजे माझा डोळा. आत मी रंग वेगळे करतो, कुठला किती ते मोजतो आणि पडद्यावर आकडे दाखवतो. सगळं दोन मिनिटांत. तोवर भट्टीवर दोनशे किलो रस उकळत असतो आणि माणसं माझ्या दाराकडे बघत असतात. अशा वेळी कुणाला भीती वाटणार नाही?

यातला गंधक भारी लबाड. त्याचा उजेड जांभळ्याच्याही पलीकडचा, तुम्हाला न दिसणारा आणि फार नाजूक. वाटेत जरा काही आडवं आलं की तो तिथेच विरतो. आणि नेमकं त्याच्यावरच तर लक्ष ठेवायचं असतं, कारण गंधक जास्त झाला की बीड ठिसूळ होतं. म्हणून ओतण्याआधी रसात मॅग्नेशियम टाकतात. भट्टीवाले त्याला औषध म्हणतात. औषध किती टाकायचं ते माझ्या आकड्यावर ठरतं. मी गंधक कमी सांगितला तर औषध कमी पडणार. साधा हिशोब आहे, पण तो आठवला की आजही माझ्या अंगात वीज असूनसुद्धा थंडी भरते.

पहिली बारा वर्षं मी खूप कौतुक पाहिलं. पाहुणे आले की आधी मला दाखवायचे. कारखान्याचे मालक आप्पासो मोठ्या अभिमानाने सांगायचे, “माणूस चुकंल, ह्ये न्हाई चुकायचं.” हे वाक्य ऐकून मी फुगायचो. आता वाटतं, त्याच वेळी घाबरायला हवं होतं.

तीन वर्षांपूर्वी क्रांती आली. कराडच्या कॉलेजातून रसायनशास्त्र शिकलेली, घरचे लष्करातले, त्यामुळे वेळेची पक्की. लॅबमध्ये बाई कशाला, असं पुष्कळांनी म्हणून घेतलं.  तिने आधी माझ्या मागची तीन वर्षांची धूळ काढली. जळालेल्या प्रत्येक चकतीवर ती तारीख आणि भट्टीचा नंबर, म्हणजे रसाची कितवी खेप ते, कोरायची आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायची. या चकत्यांचं लोणचं घालणार का, असं लोक विचारायचे. मला मात्र वाटलं, आता भ्यायचं कारण उरलं नाही.

मग गेल्या वर्षीची खंडेनवमी आली.

तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. आमच्या कारखान्यात तर पान्यापासून पळीपर्यंत सगळं धुऊन मांडतात. क्रांतीने आदल्या दिवसापासून मला साफ करायला घेतलं. माझी ठिणगीची पेटी उघडली, काजळी काढली, डोळ्याची काचही बाहेर काढून स्पिरिटने पुसली. मग सगळं एका ताटात ओळीने ठेवलं. ब्रश, पकड, मोजपट्टी, चिमटा, आणि शेवटी ती काच. हरिबा दारात उभा होता. हा म्हसवडकडचा माणूस, तीस वर्षं भट्टीवर काढलेला. तो म्हणाला, आज एकही हत्यार कुंकवावाचून ठेवू नये, राहिलं तर ते वर्षभर रुसतं. क्रांती हसली आणि पुढे झाली. कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही, म्हणून वाटीत ते खोबरेल तेलात कालवलेलं होतं. तिने करंगळीशेजारच्या बोटाने एकेकाला टिळा लावला. ब्रशला, पकडीला, मोजपट्टीला, चिमट्याला. आणि त्याच ओघात काचेला.

दसऱ्याची सुट्टी करून ती परत आली तेव्हा भट्टी तापलेली होती आणि ट्रॉलीच्या चाकांच्या हबांची मोठी मागणी आलेली होती. उसाचा हंगाम तोंडावर होता. हब म्हणजे चाकाच्या मधला जाड भाग, ट्रॉलीचा सगळा भार ज्याच्यावर पडतो तो. घाईघाईत तिने मलमलच्या फडक्याने काच नुसती टिपली. वरचा लाल रंग गेला. काच स्वच्छ दिसली, म्हणून तिने ती बसवली. तेलाचा हात मात्र राहिला होता, आणि तो नुसत्या नजरेला दिसत नाही.

मला काय जाणवलं? एवढंच की उजेड जरा कमी येतोय. मित्रांनो, आंधळ्याला आपल्याला दिसत नाही हे कळतं. मला कळत नाही. माझ्यापर्यंत जेवढा उजेड येतो तेवढाच खरा, असं मी धरून चालतो आणि छातीठोकपणे आकडा सांगतो, तोही तीन दशांश स्थळांपर्यंत. मला वाटलं, मी म्हातारा झालो. आणि म्हातारा झालो म्हणताच मला ते लेथ मशीन आठवलं. मी गप्प बसलो. बोलता आलं असतं तरी तेव्हा बोललो नसतो, हेही कबूल करतो.

रोज सकाळी क्रांती माझी परीक्षा घ्यायची. एक मानक तुकडा असतो, त्यात काय किती आहे ते आधीच ठाऊक असतं. त्यावर मी कमी सांगितलं तर संगणक माझ्या आकड्याला गुणून तो बरोबर करतो. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी दहाचे अकरा करावे लागले. चौथ्या दिवशी दहाचे तेरा. आठव्या दिवशी दहाचे अठरा. सकाळी मी असा गुणून-बिणून सरळ व्हायचो. पण काचेवरचं तेल माझ्याच ठिणग्यांच्या उजेडाने दिवसभर भाजत होतं, तपकिरी होत होतं. दुपारपर्यंत काच आणखी धूसर व्हायची आणि गंधक माझ्या हिशोबातून निसटायचा. दुपारी पुन्हा परीक्षा घेतली असती तर लगेच कळलं असतं. भिंतीवरच्या कागदावर तसा नियमही होता. पण मानक तुकडा परदेशातून येतो, वापरला की झिजतो, म्हणून दिवसातून एकदाच वापरायचा अशी आप्पासोंची ताकीद होती.

म्हणजे मी सकाळी खरं बोलायचो आणि दुपारी खोटं.

हे सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात आलं असेल? हरिबाच्या. त्याला माझे आकडे वाचता येत नाहीत. ओतलेला हब गार झाला की तो त्यावर हातोडी मारतो आणि कान देतो. चांगलं बीड टण्ण वाजतं, देवळातल्या घंटेसारखं. त्या दिवसांत दुपारचे काही हब बद्द वाजू लागले. तो आप्पासोंना दोनदा सांगून आला. आप्पासोंनी पडद्यावरचे माझे आकडे पाहिले आणि त्याला परत पाठवलं. मग विट्याच्या ट्रॉलीवाल्यांकडून फोन आला की बसवताना दोन हब फुटले. आता आप्पासो चिडले. ते हरिबाला घेऊन माझ्याच खोलीत आले.

“मशीन सांगतंय माल बरोबर हाय,” ते म्हणाले. “म्हंजे औषध टाकायला तुमचाच हात चुकतोय. कानबी म्हातारं झालं तुमचं. सोमवारपास्नं गेटवर बसा, भट्टी दुसरा बघंल.”

हरिबा निघाला. तीस वर्षं ज्याने भट्टी सांभाळली त्याला आता गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला बसवणार होते, आणि त्याला लिहिता कुठे येत होतं? जाताना त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्या नजरेची मला अजून भीती वाटते.

तो शनिवार होता. क्रांतीला चैन पडेना. दुपारी तिने आप्पासोंची ताकीद मोडली आणि मानक तुकडा माझ्या डोक्यावर ठेवला. मी ठिणगी उडवली. गंधक जवळजवळ निम्माच आला.  तिने आणखी दोनदा ठेवला. मी दोनदा तेच सांगितलं.

मग तिने शोध सुरू केला. आधी तिला वायूचा संशय आला, कारण आर्गॉनमध्ये हवा शिरली तरी नाजूक उजेड मरतो. नवी टाकी लावली. फरक पडला नाही. नळ्यांच्या जोडांवर साबणाचा फेस लावून पाहिला, कुठे बुडबुडा आला नाही. ठिणगीच्या सुईचं अंतर मोजलं, ते बरोबर होतं. चकत्या नव्याने घासल्या. तरीही तेच. शेवटी तिने पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. ते आठवड्याने येणार होते, पण त्यांनी एक प्रश्न विचारला. सगळेच रंग मंद झालेत, की फक्त जांभळ्यापलीकडचे? तिने एकेक ओळ तपासली. लोखंड खणखणीत होतं. गंधक आणि त्याचे शेजारीच बुडाले होते. मग वाटेत काहीतरी आडवं आहे, इंजिनिअर म्हणाले, काच काढून बघा.

चहाची सुट्टी होती, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिने माझी काच काढली. डोळा काढला की मला काहीच दिसत नाही, फक्त ऐकू येतं. तिने काच ट्यूबलाईटसमोर धरली असावी, कारण तिची पावलं दिव्याखाली जाऊन थांबलेली मी ऐकली. काचेच्या मधोमध तपकिरी डाग होता, गोल, एका बोटाचा. त्यातल्या रेषासुद्धा भाजून उमटल्या होत्या आणि कडेला कुंकवाची लाली होती. हे तिनेच मला नंतर पुसताना सांगितलं, हळू आवाजात, जसं आपण आजारी माणसाशी बोलतो तसं.

मित्रांनो, आता माझी भीती ऐका. तिच्या एका हातात काच होती, दुसऱ्या हातात स्पिरिटचा बोळा. एकदा पुसलं असतं की डाग गेला असता. मी बरा झालो असतो. तिचं नाव कुठेच आलं नसतं. लॅबमध्ये बाई कशाला म्हणणारी तोंडं गप्प राहिली असती. हरिबा सोमवारी गेटवर बसला असता आणि भट्टीचा गुण आपोआप सुधारला असं सगळ्यांनी मानलं असतं. मी अंधारात कान लावून बसलो. पुसल्याचा आवाज आला नाही. खूप वेळ आला नाही. मग खुर्ची सरकली आणि दार उघडलं.

बाहेरचं मला दारातून अर्धवट ऐकू आलं. पण हे स्पष्ट ऐकलं.

“आप्पा, हरिबामामांचं कान बरोबर हायत. मशीन चुकतंय. आनि मशीन माझ्यामुळं चुकतंय, ह्यो बघा माझ्या बोटाचा ठसा.”

 आप्पासोंनी ओरडावं अशी मी वाट पाहत होतो. ते ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, खराब हब किती आणि गेले कुठे? क्रांती म्हणाली, ते मशीनच सांगेल, चकत्या डब्यात आहेत.

मग आली माझी खरी परीक्षा. काच धुतली, सुकवली, बसवली. एकदम लख्ख उजेड आला. कितीतरी दिवसांनी गंधक मला समोरासमोर दिसला. बिस्किटांचे डबे उघडले गेले. दुपारच्या सत्तावीस चकत्या मी पुन्हा जाळल्या, प्रत्येकी तीन वेळा. आप्पासो, क्रांती आणि हरिबा तिघे माझ्यासमोर उभे होते. मला आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायचीच भीती वाटली, कारण प्रत्येक खरा आकडा माझं एकेक खोटं उघडं करत होता. तेवीस चकत्या बऱ्या निघाल्या. चार खराब. त्या चार खेपांचे बावीस हब झाले होते. दोन विट्यात आधीच फुटले होते. बारा आमच्याच अंगणात होते. सहा विट्याला ट्रॉलीवाल्यांकडे तसेच पडून होते. प्रत्येक हबावर भट्टीचा नंबर उठवलेला असतो, त्यामुळे ते ओळखता आले.

उरलेले दोन हब एका ट्रॉलीला बसवून झाले होते आणि ती ट्रॉली औंधच्या बाजूला एका गावात गेली होती. सोमवारी साखर कारखान्याची मोळी पडणार होती, म्हणजे उसाचं गाळप सुरू होणार होतं, म्हणून रविवारपासूनच ट्रॉल्या भरायला लागणार होत्या. त्या ट्रॉलीच्या मालकाचा फोन लागेना.

रविवारी सकाळी आप्पासो आणि हरिबा मोटारसायकलवर निघाले. हरिबाने कमरेला हातोडी खोचली होती. क्रांती सुट्टी असूनही येऊन माझ्याजवळ बसली. तिला काही काम नव्हतं. तिने माझा पत्रा तीनदा पुसला. भरलेली ट्रॉली म्हणजे दहा-बारा टन ऊस, आणि वर तोडणाऱ्यांची बायकापोरं बसलेली असतात, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. दारावरून ट्रॅक्टर गेला की ती उठून बघायची. मी आयुष्यात पुष्कळ घाबरलो आहे, पण त्या दिवसाएवढा नाही. भट्टीत टाकलं असतं तरी चाललं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

चार वाजता ते आले. हरिबा आत आला, खांद्यावरची गोणी माझ्या टेबलावर ठेवली आणि उघडली. आत हब होता. त्यावर केसाएवढी बारीक चीर गेलेली होती, एका कडेपासून निम्म्यापर्यंत.

तो बसला, पाणी प्याला, मग बोलला. “भरून उभी हुती. वर चार पोरं बसल्याली, उतराया तयार न्हवती. उतरीवली. जॅक लावला, हातुडी मारली, तवाच कळलं. दोन्ही हब काढलं, ह्यो त्यातला योक.” तांब्या खाली ठेवत तो म्हणाला, “फुडं उतार हुता, पोरी. योक उतार, बास.”

क्रांती रडली. हरिबाने तिला रडू दिलं. मग म्हणाला, सगळ्या हत्यारांना कुंकू लाव असं मीच सांगितलं होतं, त्यातला अर्धा ठसा माझा.

आप्पासो दारातच उभे होते. त्यांनी क्रांतीवर ठपका ठेवला नाही. हरिबाला मात्र म्हणाले, उद्या भट्टीवर या, आणि हे म्हणताना त्यांनी मान खाली घातली होती. मग माझ्याजवळ येऊन त्यांनी मानक तुकड्याची डबी उघडून टेबलावर ठेवली. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, तिन्ही वेळा लावायचा म्हणाले. झिजतो तर झिजू दे.

यंदाही खंडेनवमी झाली. ताट मांडलं गेलं, पण वाटीत बोट बुडवायला क्रांतीचा हात धजेना. तेव्हा हरिबा पुढे झाला. त्याने माझ्या पुढच्या पत्र्यावर, वर मधोमध, एकच टिळा लावला.

“कुंकू कपाळाला लावावं, पोरी,” तो म्हणाला. “डोळ्याला नुसतं फडकं.”

मित्रांनो, मी अजून भित्राच आहे, आणि आता मला त्याची लाज वाटत नाही. माझी काच उद्याही मळेल आणि ते मला कळणार नाही. तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखी पुष्कळ यंत्रं आहेत. ती आकडा सांगतील तेव्हा तो जरूर ऐका. पण त्यांची काच शेवटची कधी पुसली होती, तेही विचारा. आणि ती मंद झाली तर नुसतं गुणून बरोबर करू नका, उघडून बघा. आतल्या डागावर आपल्याच बोटाचा ठसा निघाला तर पुसायच्या आधी तो कुणाला तरी दाखवा.

तो चिरलेला हब आप्पासोंनी भट्टीत टाकू दिला नाही. तो माझ्यासमोरच्या फळीवर आहे. रोज दुपारी माझे आकडे येऊन गेल्यावर हरिबा बाहेर नव्या हबावर हातोडी मारतो. टण्ण आवाज येईपर्यंत मी जीव मुठीत धरून बसतो.